नाईक बिरा आणि जिप्सीची ब्रेक लाईन

माझं पोस्टिंग एका डोंगराळ युनिटच्या वर्कशॉपवर होतं. मी शॉर्ट सर्व्हिसची कॅप्टन, घर साताऱ्यात. कामाबाहेर मी फारशी बोलत नसे. बोलतं करायचा तो फक्त नाईक बिरा, आमचा ड्रायव्हर. आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला.

"मॅडम, तुमचं मराठी लय साहेबी हाय," तो म्हणायचा. "आमच्याकडं आला तर मेंढरंबी सावधानमधी हुबी ऱ्हातील."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एक जिप्सी तपासणीला घेतली. पुढचा ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, फुगला होता, रबराला चिरा होत्या. मागची लोखंडी लाईन क्लिपखाली गंजून ब्रेक ऑइलने ओली झाली होती. दोन्ही बदलायला हवं होतं. नवे पार्ट संध्याकाळी आले, पण तोवर जवानांनी पाने, पकडी, जॅक धुऊन पूजेला मांडले होते. आमच्याकडे रीत पक्की होती. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलत नाही. मलाही ते मान्य होतं. गाडी एक दिवस उभी राहिली तर काही बिघडत नव्हतं. मी स्टिअरिंगला 'ऑफ रोड', म्हणजे गाडी काढू नये, अशी लाल पाटी बांधली.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या पोस्टवर बंद पडलेला ट्रक आणायला गेले. खाली काय घडलं ते मला नंतर एका शिपायाने सांगितलं.

गाड्यांना झेंडूचे हार घालून फोटोसाठी रांगेत लावलं होतं. आमचे मेजर म्हणाले, "ती पाटी काढा. पूजेत चांगली दिसत नाही." पाटी निघाली, तिथे हार आला. बिरा त्याच दुपारी रजेवरून हजर झाला होता. पाटी त्याने पाहिलीच नव्हती.

मेजर त्याला म्हणाले, "खाली पाहुणे थांबलेत. जिप्सी काढ."

"वर्कशॉपला इचारू का, सर?"

"पूजा झाली ना गाडीची? निघ."

तो निघाला. मागे तो शिपाई बसला होता.

मी ट्रकजवळ असताना रेडिओवर बिराचा आवाज आला.

"कंट्रोल, जिप्सी. पॅडल खाली गेलं. ब्रेक न्हाई. ओव्हर."

मी सेट घेतला. "खालचा गिअर टाक. हँडब्रेक ओढ."

"वडलाय, मॅडम. उतार लय हाय."

नंतर आवाज आला नाही.

उजवीकडे डोंगर होता, डावीकडे दरी. बिरा शिपायाला म्हणाला, "मागनं उडी टाक रं. मी माझी बाजू डोंगराला घासतो." शिपायाने उडी टाकली. बिराने आपली बाजू डोंगराला घासली. ती बाजू चेपली आणि तो जागेवरच गेला.

होज मी स्वतः काढून पाहिला. लांबीत उभा फाटला होता. मागची लाईन गंजल्या जागी तुटली होती. चौकशीत मी ते सांगितलं, पाटीचंही सांगितलं. मेजर म्हणाले, पाटी होती असं आठवत नाही. शिपायाची साक्ष 'धक्क्यातली' ठरली. निष्कर्ष असा निघाला की ड्रायव्हरने न तपासता गाडी काढली आणि वेगात चालवली. मेजरना पुढे बढती मिळाली. नवे पार्ट स्टोअरमध्ये तसेच पडून होते. मला अजूनही त्या हारांचा राग येतो.

सेवा संपल्यावर मी बिराच्या गावी गेले. पहिलं वर्षश्राद्ध होतं. चौकातल्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो बिराच्या फोटोपेक्षा मोठे होते. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, मला मांडवाच्या कडेला नेलं.

"ताई, खरं सांगा. पोरानं गाडी पळीवली का? लोक तोंडावर शहीद म्हनत्यात आन् मागं म्हनत्यात, मस्तीत गेला."

"नाही, आप्पा. ब्रेकची नळी फुटली. ती बदलायची होती. गाडी काढू नका म्हणून मी पाटी लावली होती. साहेबांनी ती काढायला लावली."

आप्पांनी मांडवातल्या माईककडे बोट केलं. मग म्हणाले, "हे समदं माईकवर सांगा."

मी कधी माईकवर बोलले नव्हते. बोलले. नळी, पाटी, हुकूम, डोंगर, सगळं क्रमाने. हार घातलेल्या पुढाऱ्याने मध्येच संयोजकाला खूण केली. आप्पा माईकपुढे येऊन उभे राहिले. "त्यांचं हुंद्या." माझं झाल्यावर त्यांनी माईक घेतला.

"माझं पोर मस्तीत गेलं, आसं म्हननाऱ्यानं आता हुबं ऱ्हावं."

कोणी उभं राहिलं नाही.

नाईक बिरा, ड्रायव्हर. त्याच्या मागे बसलेला शिपाई जिवंत आहे.