आधी चहा, मग भाषण

अंजना खरात मिरजेहून लग्न होऊन औंधच्या पुढच्या त्या गावात आली, तेव्हा तिला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक, नळाला पाणी चार दिवसांनी यायचं. दुसरी, तिच्या हातचा चहा कुणी प्यायचं नाही, पण पीत नाही असंही कुणी म्हणायचं नाही. नाही म्हणायची इथली तऱ्हा फार गोड. "आत्ताच घिऊन निघालो बघा." "पित्त खवळतंय वो." "डाक्टरनी साखर बंद केलीया." अंजना वाढली रेल्वेच्या चाळीत. तिथं कुणाच्या घरचा रस्सा कुणाच्या पातेल्यात आहे याचा पत्ता लागायचा नाही. त्यामुळं पहिली दोन वर्षं तिला मनापासून वाटत होतं, की या गावातल्या लोकांची पोटं फार नाजूक आहेत.

पुढं ती आशाताई झाली आणि हा गैरसमज फिटला. गरोदर बायकांना दवाखान्यात नेणं, लसीकरणाला पोरं गोळा करणं, शिबिरात कुणाचा बीपी किती, शुगर किती ते वहीत लिहिणं, सगळं तिच्याकडं. त्या वहीवरून पाहिलं तर निम्मं गाव ठणठणीत होतं. चहाचा ट्रे पुढं आला की मात्र तेच निम्मं गाव आजारी पडायचं.

पण एका घरचं दुखणं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, हा तिचा नेम. कोण चोरून दारू सोडायची गोळी घेतो, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं चौदा वर्षं तिच्या पोटात पडून होतं. नवऱ्यालाही सांगायची नाही. धम्मपालनं सुरुवातीला खोदून खोदून विचारलं, मग नाद सोडला.

गावात एकटी मंगल तिच्याकडं चहा प्यायची. मंगल धनगरवाड्यातली, मेंढरंवाली. दुपारी मेंढरं ओढ्याला बसवायची आणि अंजनाच्या परड्यात येऊन दोन कप रिचवायची. यायची मात्र मागल्या दारानं.

"म्होरनं आलीस तर काय हुईल गं?" अंजनानं एकदा विचारलं.

"काय न्हाई. सासू आठ दिस बोलंल."

"आन् नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी गावाला सांगत सुटंल. बिस्कूट हाय का?"

दर वर्षी संविधान दिनाला समाजमंदिरापुढं समता मेळावा भरायचा. धम्मपाल समितीचा अध्यक्ष. पंचक्रोशीत मंडप आणि स्पीकरचा धंदाही त्याचाच, म्हणून माईक घरचा. सगळ्या भावक्यांतली मोठी माणसं व्यासपीठावर यायची, हार घालून घ्यायची, अन्यायाविरुद्ध उभं राहिलं पाहिजे असं बसून सांगायची. आभार झाले की चहा. आणि आभार झाले रे झाले, की सगळ्यांना कुठंतरी जायचं असायचं.

यंदा छापायला जायच्या आधी अंजनानं पत्रिका हातात घेतली. "ह्यो चहा खाली कुणी टाकला?"

"चहा खालीच असतोय, अगं," धम्मपाल म्हणाला.

"वर घ्या. उद्देशिका वाचून झाली की लगीच चहा. त्याच्या खाली भाषणं."

"आन् लोकं उठून गेली तर?"

"गेली तर गेली. भाषणं तरी वाचतील."

धम्मपाल हसला नाही. "लालासाहेब आबांच्या नातीचं लगीन हाय पुढच्या म्हैन्यात. सगळा मंडप आपला हाय. आबा रुसलं तर ह्यो एकच मांडव जायचा न्हाई, सगळी भावकी जाईल."

लालासाहेब म्हणजे माजी सरपंच. मेळाव्याचे कायमचे प्रमुख पाहुणे. समतेवर त्यांच्याइतकं लांब कुणी बोलायचं नाही.

"चौदा वर्सं मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधती," अंजना म्हणाली. "तवा माझा हात चालतोय. कप धरला की चालत न्हाई. मला एकदा तोंडावर ऐकायचंय, का चालत न्हाई ते."

धम्मपालनं पेन काढलं आणि चहावरून वर एक बाण मारला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी चांगलंच गार होतं. अंजनानं बचत गटाच्या कपबश्या आणल्या होत्या. कागदी कप एकही नाही. पोरींनी उद्देशिका म्हटली. टाळ्या झाल्या. लालासाहेब सवयीनं उठले, खिशातून चार पानं काढली आणि माईकवर टिचकी मारली. आवाज नाही.

"धम्मपाल, बंद हाय की रं ह्यो."

धम्मपाल वायरींकडं असा बघत होता, जणू आयुष्यात वायर पहिल्यांदाच पाहतोय.

"आबा, आधी चहा हाय," अंजना खालून म्हणाली. "पत्रिकेत छापलंय."

ती तीन केटल्या घेऊन वर चढली. "ह्यात साखरंचा, ह्यात बिनसाखरंचा, ह्यात कोरा. पित्तवाल्यांना संगट बिस्कूट हाय. घिऊन आलेल्यांना अर्धा कप."

ज्याच्या त्याच्या तोंडातली सबब तोंडातच राहिली. व्यासपीठावरच्या दोघांना एकाच वेळी फोन आला आणि ते बोलत बोलत मंडपाबाहेर गेले. एकाचा फोन खुर्चीवरच राहिला होता.

लालासाहेबांनी पोटावरून हात फिरवला. "मला शुगर हाय गं, पोरी."

गेल्याच महिन्यात शिबिरात लालासाहेबांची शुगर तपासली होती. पोराच्या वयाच्या माणसालाही हेवा वाटावा इतकी चोख. आकडा तिनंच लिहिलेला. आता एक वाक्य, आणि भरल्या मंडपात आबांचं हसं झालं असतं. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. आबांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी नजर खाली घेतली.

अंजनानं ते गिळलं.

"व्हय आबा. म्हणून तर बिनसाखरंचा वेगळा केलाय," ती म्हणाली आणि कपबशी पुढं धरली.

कपबशी तशीच राहिली. आबांचा हात उठेना, अंजनाचा खाली येईना.

तेवढ्यात बायकांच्या मागल्या ओळीतून आवाज आला. "अंजे, त्यांचं हू दे सावकाश. माझा कप कुठाय? रोज दोन घेती मी तुज्यात, आज काय उपास घडवतीस?"

मंगल उठली होती. शेजारी सासू बसलेली. सासूनं पदर ओढला, तो सोडवून घेऊन मंगल मधल्या वाटेनं सरळ पुढं आली, साखरेचा कप उचलला आणि सगळ्यांकडं तोंड करून फुर्रकन प्याली. "च्या कुणाच्या हातचा हाय ते नगा बघू," ती म्हणाली. "आलं किती घातलंय ते बघा."

बायकांत हशा पिकला. तीनचार जणी उठल्या, मग अख्खी ओळ उठली.

लालासाहेबांनी त्या ओळीकडं पाहिलं. मग अंजनाच्या हातातल्या कपाकडं. आणि घेतला. एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड एकदम कडू झालं.

"ह्यो च्या हाय का काढा? घाल वाईच साखर."

"आन् शुगर, आबा?" खालून कुणीतरी ओरडलं.

"ऱ्हाऊ दे आजच्या दिस शुगर," आबा म्हणाले, आणि सगळ्यात आधी तेच हसले.

अंजनानं दोन चमचे साखर घातली. ढवळताना तिचा चेहरा वहीसारखाच बंद.

मग दूध संपलं. लालासाहेबांनी गडी घरी पिटाळला. "म्हशीचं आणा, गाईचं नगं." दूध येईपर्यंत धम्मपालच्या वायरी आपोआप दुरुस्त झाल्या. आबांनी चार पानांतलं अर्धं पान वाचलं आणि बाकीची खिशात घातली. "बोलायला मला कवाच भ्या वाटलं न्हाई," ते माईकवर म्हणाले. "पण च्या प्यायला आज वाईच दम लागला. धम्मपाल, लग्नाच्या दिवशी मंडप तुझा, आन् चहाचा काउंटर तुझ्या बायकूचा. वऱ्हाडाला सांगून ठेवतो, आधी चहा."

टाळ्या वाजत होत्या. खाली बायकांच्या ओळीत मंगलची सासू मात्र हाताची घडी घालून बसली होती. शेजारणींच्या बश्या रिकाम्या झाल्या तरी तिची घडी सुटली नाही. तिच्यापुढं मंगलनं ठेवलेला कप तसाच होता. अंजना केटली घेऊन तिथून जायला लागली, तशी म्हातारीनं तिच्याकडं न बघता कप पुढं सरकवला.

"गार झालाय," ती म्हणाली. "दुसरा दे."