उजव्या हाताचा माणूस

चावीकाकांच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे जिन्याखालच्या त्या कोनाड्याचा उगाच मान वाढवणं. आत काका बसले की गिऱ्हाइकाने श्वाससुद्धा बाहेर उभं राहून घ्यायचा. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, किल्ली धरायला फळीला ठोकून बसवलेला चाप, चार कानशी, आणि डोक्यावर पाटी : ‘कुलूप न मोडता उघडून मिळेल.’

त्यातल्या ‘न मोडता’वर काकांचा भारी जीव. शेजारी त्यांच्या मेहुण्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. तो म्हणायचा, “दाजी, हातोडा घ्या माझ्याकडून, अर्ध्या मिनिटात काम.” काका म्हणायचे, “हातोड्याने तर तूही उघडशील. मग मला कोण विचारेल?”

काकांची पद्धत अशी : एक जाड तार उजव्या हातात, कुलपावर हलका दाब ठेवायला. दुसरी, केसापेक्षा थोडी बरी, डाव्या हातात. तिचं टोक कुलपाच्या पोटात आणि शेपूट अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात टेकलेलं. आतली एकेक खुंटी सरकली की त्या बेचक्यात बारीकशी टिचकी बसायची. गिऱ्हाइकाला दिसायचं ते एवढंच, की काका समोरच्या रस्त्याकडे बघत बसलेत आणि कुलूप आपणहून लाजून उघडलंय.

खरी गोष्ट अशी, की काका जन्माचे डावरे. पण वडिलांना डाव्या हाताचं वावडं. डावा हात पुढे आला की वडिलांची कानस त्यावर पडायची, चपटी बाजू, म्हणजे प्रेमाने. त्यामुळे जेवण उजव्याने, सही उजव्याने, कानस घासणं उजव्याने. गावभर काका उजव्या हाताचा माणूस म्हणून वावरले. कुलपाच्या आत मात्र अंधार असतो आणि तिथे कुणाचे वडील डोकावत नाहीत. दोन्ही हातांत तारा दिसत होत्या, त्यामुळे खरं काम कुठला हात करतोय हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काकूंना कळलं होतं. झोपेत डास मारायला नवऱ्याचा डावा हात उठतो, हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. सासऱ्यांच्या घरात तो विषय काढणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याची शेपटी मोजायला जाणं. पुढे सासरे गेले, पण न बोलायची सवय घरातच राहिली.

मग काकांच्या छातीत कळ आली. आधी गॅस, मग ॲसिडिटी, मग मेहुण्याच्या सल्ल्याने घेतलेल्या गोळ्या, असं सगळं झाल्यावर इस्पितळ. उजव्या मनगटातून बारीक नळी घालून हृदयाचे फोटो काढले आणि निघालं बायपासचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण खाटेशी आली. तिने काकांचा डावा हात हातात घेतला.

“मूठ आवळा काका. अजून घट्ट.” तिने मनगट दोन्ही बाजूंनी दाबून धरलं. “आता उघडा.”

तळवा पांढराफटक पडला होता. तिने करंगळीच्या बाजूचा आपला दाब सोडला, तसा तळवा हळूहळू गुलाबी झाला.

“छान. करंगळीकडची नस एकटी हात सांभाळते तुमचा. म्हणजे अंगठ्याकडची आम्ही काढून घेऊ शकतो.”

“काढून काय करणार?” मेहुण्याने विचारलं.

“हृदयाला लावणार. अडलेल्या रस्त्याला वळसा.”

“आणि परत कधी देणार?”

“परत नाही देत आम्ही,” डॉक्टरीण हसली. “काका, तुम्ही उजव्या हाताने काम करता ना?”

“उजव्या,” काका म्हणाले. प्रश्न संपायच्या आत म्हणाले. एवढ्या वर्षांची तयारी होती.

“नक्की? डाव्या हाताने काही नाजूक काम वगैरे?”

“म्हणजे काय, मी तुम्हाला डावरा वाटलो का?”

मेहुणा हसला. डॉक्टरीणही हसली. काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे, आणि थर्मासचं झाकण आधीच घट्ट होतं ते आणखी घट्ट केलं. चारचौघांत, तेही परक्या बाईसमोर, नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? आणि हातातून एक नस जाते म्हणजे नेमकं काय जातं, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

ऑपरेशन झकास झालं. मनगटापासून कोपराजवळपर्यंत शिवण पडली, पण छाती मोकळी झाली. एकदा एक नवी नर्स नाडी बघायला आली, डावं मनगट चाचपून चाचपून तिचा चेहरा उतरला.

“काका, नाडी लागत नाहीये.”

“तिची बदली झाली,” काका म्हणाले. “वरच्या ऑफिसात.”

घरी आल्यावर कळलं, की नाडी गेली तशी अजूनही एक वस्तू सोबत गेली आहे. अंगठ्याची पाठ आणि ते बेचकं, दोन्ही बधिर. चिमटा काढला तर शेजारणीला काढल्यासारखा वाटायचा. दुकान उघडलं, पहिलंच साधं पितळी कुलूप हातात घेतलं, तार घातली. कुलूप गप्प. काकांनी रस्त्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे पाहिलं, मग आयुष्यात पहिल्यांदा कुलपाच्या भोकात डोळा लावला.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीण रिपोर्ट बघून खूश. हृदय म्हणे तिशीतल्यासारखं पळतंय.

“आणि हात?” काका म्हणाले. “इथे काही कळत नाही.”

“त्या नसेला चिकटून संवेदनेची एक शीर जाते. काही जणांची दुखावते. बहुतेकांची महिन्या-महिन्यांनी सुधारते.” मग तिने वर पाहिलं. “का हो? डाव्या हाताने काय करता तुम्ही?”

काकू खिडकीकडे बघत होत्या. शेवटी काकांनी सांगितलं, शाळेत पेन्सिल चोरल्याचं सांगावं तसं, खाली मान घालून.

डॉक्टरिणीने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. “काका, त्या दिवशी सांगितलं असतं तर मी पायातली घेतली असती.”

“पायातली चालते?”

“चालते की.”

काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं. “पायाने मी काहीच उघडत नाही,” ते म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढे त्यांनी उजव्या हाताला शिकवून पाहिलं. पण उजवा हात आयुष्यभर पाहुण्यांसमोर मिरवलेला. त्याला ऐकायची सवयच नव्हती. डाव्याला मालिश झालं, गरम पाणी झालं. काकू रोज विचारायच्या, “काही फरक?” काका म्हणायचे, “थोडा थोडा.” उन्हाळा गेला, पुन्हा उन्हाळा आला. तो थोडा होता तेवढाच राहिला. लोक नुसत्या किल्ल्या घासायला यायचे, उघडायचं काम आलं की काका म्हणायचे, “उद्या या.” उद्या सहसा कुणी येत नसे.

एक दिवस एक शिक्षिका लाकडी पेटी घेऊन आली. आई वारली होती, किल्ली कुठे ठेवली ते सोबत घेऊन गेली. पाटी वाचून आली होती. “मोडायची नाही हं काका. आईने स्वतःच्या हाताने लावलेलं कुलूप आहे ते.”

काकांनी दुपारभर प्रयत्न केला. कपाळाचा घाम नाकावरून पेटीवर पडला, तो त्यांनी बाहीने पुसला. शिक्षिका आधी उभी होती, मग जिन्याच्या पायरीवर बसली, मग घड्याळ बघायला लागली. शेवटी तीच म्हणाली, “जाऊ द्या, फोडा. आईला आता काय कळणार आहे?”

मेहुण्याने न बोलता ड्रिल आणून दिलं. एरवी याच क्षणासाठी त्याने इतकी वर्षं टोमणे साठवून ठेवले होते. त्यातला एकही त्याने वापरला नाही. ते काकांना जास्त लागलं. कुलूप क्षणात संपलं. बारीक स्प्रिंगा आणि खुंट्या फळीवर सांडल्या. शिक्षिका ‘थँक्यू’ म्हणून पेटी घेऊन गेली, अगदी मनापासून.

संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या. फळीवरचा पितळेचा भुगा त्यांनी पाहिला आणि समजायचं ते समजल्या.

“त्या दिवशी मी बोलायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“बोलली असतीस तर घरी येऊन मी तुझ्यावर खेकसलो असतो.”

“खेकसला असतात. मग काय झालं असतं?”

काका रस्त्याकडे बघायला लागले, पूर्वी कुलूप उघडताना बघायचे तसे. काकूंनी त्यांचा डावा हात ओढून मांडीवर घेतला, शिवणीच्या वणावरून पदर फिरवला आणि आपलं बोट बेचक्याच्या वर नेलं.

“कळतंय का काही?”

“कळतंय ना,” काका रस्त्याकडे बघतच म्हणाले. “आज बरंच कळतंय.”

काकूंचं बोट अजून टेकलंच नव्हतं. त्यांनी ते तसंच मागे घेतलं, आणि याही वेळी काही बोलल्या नाहीत.