अंगणातला खमाज

करडईच्या तेलाचा वास आला की देवणीतलं आमचं अंगण आठवतं. मला बघायला आलेल्या मुलानं सोबत दोन हात लांब, करडईचं तेल चोळलेली जाडजूड बासरी आणली होती. वडलांनी आग्रह केला म्हणून त्यानं खमाज सुरू केला. सूर इतका खोल आणि लाडिक, की गोठ्यातली नुकतीच व्यालेली गाय हंबरली. तो ओशाळून थांबला. त्याच्या मामांनी डोळे वटारले. त्यानं पुन्हा फुंकर घातली, गाय पुन्हा हंबरली. वडील म्हणाले, "गाईनं तर हाव म्हणलं, आता पोरीला इचारा." मान खाली घालूनच मी म्हणाले, "अजून वाजवा." आता लातूरच्या फ्लॅटमध्ये हे बासरीला तेल चोळतात, तोच खमाज धरतात आणि त्याच जागी मुद्दाम थांबतात. मग स्वयंपाकघरातून मी हंबरते.