डोंगलला 'खुदा हाफिज'

यूसुफभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्याकडेच जायला निघाले होते. आदल्या दुपारी त्यांच्या खाटेशी तासभर बसले होते. सोयाबीन, जावई, औषधांची चव, असं इकडचं तिकडचं चाललं होतं. मी उठले, दारात चपला घातल्या, तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "ताई, एक राह्यलंच..." मला पेन्शनच्या कामासाठी यवतमाळची बस गाठायची होती. "उद्या येते ना, उद्या सांगा," म्हणून मी निघाले. त्यांना ओळखणाऱ्या कुणीही हा गाढवपणा केला नसता, आणि मी तर त्यांची पंचवीस वर्षांची शेजारीण.

कारण यूसुफभाईंचं खरं बोलणं निघतानाच सुरू व्हायचं. दारव्ह्यात आमच्या घराला लागून त्यांचं दुकान, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं. संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे, हूं हूं करत बसायचे. "उठतो ताई," म्हणून फाटकाशी गेले की मग कडी धरून पाऊण तास! मुलीचं लग्न ठरलं ते फाटकात सांगितलं, पहिल्यांदा छातीत दुखलं तेही फाटकातच. मी तहसील कचेरीतली कारकून. माणसानं खिडकीशी यावं, एका वाक्यात काम सांगावं, ही माझी शिस्त. आत गॅसवर माझं दूध उतू जायचं आणि इथे मी दात-ओठ खात उभी.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत खेड्यांतून मोटारी येणंच थांबलं. हात रिकामे राहिले तसे यूसुफभाई कम्प्युटर दुरुस्त करायला शिकले. माझ्या कम्प्युटरला व्हायरस लागला, तेव्हा विंडोज पुसून, मासिकासोबत फुकट आलेली लिनक्सची सीडी घालून त्यांनी तो "पाक" केला. पुढे माझ्या मुलीचा, मंजिरीचा, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायची वेळ आली. गावातल्या नेट कॅफेची केबल खोदकामात तुटलेली. मी इंटरनेटचं डोंगल आणून लावलं, तर कम्प्युटर त्यालाच सीडी समजला, पडद्यावर नुसतं सीडीचं चित्र! विकणारा म्हणाला, लिनक्सवर हे चालणार नाही. माझा पारा चढला. "तुमच्या त्या फुकटच्या सीडीपायी पोरीचं वर्ष जाईल!" यूसुफभाईंचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाले, "कायले नाही चालन? मी चालवून देतो."

दोन दिवस दुकान बंद ठेवून ते आमच्याकडे ठाण मांडून बसले. डोंगल लांब वायरीनं खिडकीत टांगलं, रेंज खेचायला त्याच्यामागे माझी पिठाची चाळणी बांधली. आमच्या पोळ्या दोन दिवस कोंड्यासकट. चित्र मात्र सीडीचंच. शेवटच्या दिवशी चार वाजले, मुदत पाचची, मंजिरी रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "बस झालं यूसुफभाई. काढा ते आता."

तिथेही माणूस रीतीचा. ओढून काढलं नाही. "चीज कोणतीबी असो, हिसकू नये ताई. निरोप द्यावा लागते," म्हणत त्यांनी त्या चित्रावर टिचकी मारली, 'बाहेर काढा' निवडलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "खुदा हाफिज."

चित्र नाहीसं झालं. डोंगलचा हिरवा दिवा विझला... आणि निळा लागला. पडद्यावर आपोआप प्रश्न आला: मोबाइल ब्रॉडबँड जोडायचं का? सीडीचं सोंग उतरवून निरोप दिल्याशिवाय ते बेणं कामालाच लागत नव्हतं. पाचला दहा मिनिटं कमी असताना अर्ज गेला. यूसुफभाई पोट धरून हसत होते. "हे तं माह्यासारखंच निघालं ताई! बसवलं तं बोलत नाही, निघ म्हटलं का बोलते!"

त्या दिवशी मीच त्यांना फाटकाशी पाऊण तास उभं केलं आणि माफी मागितली.

मंजिरी आता पुण्यात नोकरी करते. डोंगल अजून खिडकीत आहे, चाळणीसकट. त्यातलं सिम केव्हाच बंद पडलंय. यूसुफभाईंना जाऊन सहा आठवडे झाले. काय राहिलं होतं ते त्यांच्या घरात कुणालाच माहीत नाही, मी विचारून पाहिलं. दुपारी कधी मी तो जुना कम्प्युटर लावते. सीडीचं चित्र येतं. मी "खुदा हाफिज" म्हणते, निरोप देते, निळा दिवा लागतो आणि डोंगल नेटवर्क शोधत राहतं. ते मिळणार नाही हे मला कळतं. पण मी उठत नाही. आता मला कुठलीही बस गाठायची नसते.