दिल्लीत काढलेले बावीस फोटो

आर्णीच्या एसटी स्टँडसमोर नागोरावांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामं ड्रोनवाल्या पोरांनी कधीच पळवली. नागोरावांकडे उरले ते पासपोर्ट साइज. शाळेचा दाखला असो, बँकेचं खातं असो, नाहीतर नोकरीचा फॉर्म, माणूस त्यांच्याच पांढऱ्या पडद्यापुढे येऊन बसतो. कितीही रडकं लेकरू दोन मिनिटांत गप्प बसवतो, ही त्यांची घमेंड. दिल्लीत एका साडेचार वर्षांच्या पोरीनं ती दिवसभरात पार धुळीला मिळवली.

पोरगी त्यांचीच नात, ओवी. मुलगा अतुल पुण्यात नोकरीला. आता कंपनी त्याला बायकोपोरीसकट तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवत होती. विमान दिल्लीहून, रात्रीचं. पोचवायला नागोराव आणि त्यांची बायको विमलताई आले होते. अतुल आणि सून निकिता उरलेल्या खरेदीला गेले, विमलताईंचे गुडघे धरले, म्हणून ओवीला दिल्ली दाखवायचं काम नागोरावांकडे आलं. मनातून त्यांना हेच हवं होतं. तालुक्याची लेकरं त्यांनी कॅमेऱ्यात धरली, पण नातीचा आपल्या हातानं काढलेला एक फोटो घरात नव्हता. पोरगी परत येईल तेव्हा आठव्या वर्षात असेल, आपल्याला ओळखेल तरी का, कोण जाणे. बैठकीत लावायला एक, फक्त एक चांगला फोटो हवा होता.

लाल किल्ल्यापाशी ओवीला खार दिसली.

"ओवी, इकडं पाय बेटा."

"मला खारूताई बघायचीये, आबाजी."

"खारी आपल्या आर्नीत ढीगभर हायेत. किल्ला नाई तिथं."

"मग चला ना आर्णीला!"

नागोरावांनी डोक्याला हात लावला. पोरगी खारीमागे, ते पोरीमागे. तासाभरात फोटो किती? शून्य.

कुतुबमिनारला बूट चावला म्हणून तिनं हिरवळीवर लोळण घेतली. एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात तिचा बूट, काखेत पाण्याची बाटली आणि गळ्यात तो वजनदार कॅमेरा. कॅमेरा पाहून कुठलंसं जोडपं आलं, "अंकल, एक फोटो." त्यांचा काढला तर मागून आणखी सहा जण उभे. सगळी दिल्ली त्यांच्यापुढे शहाण्यासारखी उभी राहत होती, घरची तेवढी तोंड फिरवून बसली होती. "आता तं मले वीट आला बाप्पा," नागोराव पुटपुटले.

शेवटी इंडिया गेटला त्यांनी साबणाच्या फुग्यांची बाटली विकत घेतली आणि सरळ सौदाच केला. जागची हलली नाही तरच बाटली मिळेल. ओवी कठड्यावर बसली. झालं, नागोरावांच्या अंगात स्टुडिओ संचारला.

"हनुवटी खाली. केस मांगं, दोन्ही कान दिसू दे. हासू नको! दात नाई दिसले पायजे."

मागून सारखी माणसं जात होती. नागोराव खाली बसले, कॅमेरा खालून धरला, जवळ सरकले, आणखी जवळ सरकले. बावीस फोटो. एकही हललेला नाही, एकातही डोळे मिटलेले नाहीत. त्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी विमानतळाच्या दारात पाया पडणं झालं, पापे झाले, रडणं झालं. तिघं आत गेले. पोचवणाऱ्यांना दाराबाहेरच थांबायचं होतं. काचेतून अजून ते दिसत होते, तोवर विमलताईंनी डोळे पुसत कॅमेरा मागितला.

नागोरावांनी ऐटीत दिला. विमलताईंनी एक पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर सगळे पाहिले.

"दिल्ली कुठी हाये याच्यात?"

नागोराव वाकले. बावीसच्या बावीस फोटोंत खांद्यापर्यंतची ओवी, नाक समोर, दोन्ही कान चोख. मागे दिल्लीचं पांढरं आभाळ, पडदा लावल्यासारखं.

"दिल्ली जाऊ द्या चुलीत. पोरगी एकातबी हासून नाई राह्यली! काहून हो?"

"हासलेला चालत नाई," नागोरावांच्या तोंडून निघून गेलं.

"कोनाले चालत नाई?"

 नागोरावांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो संताप, तोही स्वतःचाच. काचेपलीकडे अतुलनं ओवीला बॅगांच्या गाडीवर बसवून जोरात ढकललं होतं आणि ती तोंड भरून, सगळे दात दाखवून हसत होती.

"काढा ना आता!" विमलताई ओरडल्या.

नागोरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. एवढ्या लांबून पोरगी बोटाएवढी दिसत होती. ते दोन पावलं पुढे सरकले, आणखी दोन सरकले. दारातल्या जवानानं हात आडवा केला आणि तिकीट मागितलं.