वीतभर खाली
गंजलेल्या लोखंडाचा वास आला की मला मंगळवेढ्याकडचं ते माळरान आठवतं. सत्तरच्या दशकात मी सोलापूरहून तिकडं जमिनीत पुरलेले जुने नळ शोधायला जायचो. हातात धातुशोधक यंत्र आणि कानाला त्याचे हेडफोन लावून दिवसभर एकटाच उन्हात चालायचो. मेंढ्या राखणारी, एकटीच राहणारी एक म्हातारी रोज लांबून बघायची. एके दुपारी ती जवळ आली. "आमच्या मालकाचं चांदीचं कडं हितंच कुटंतरी पडलंय. बगता का?" मी तिच्या खोपटापुढं यंत्र फिरवलं. नळावर आवाज लांबलचक येतो आणि यंत्र वर उचललं तरी टिकतो. इथं तो बारीक आला आणि उचलताच विरला. म्हणजे वस्तू लहान, फार तर वीतभर खाली. "सापडलं वाटतं, आजी. खुरपं द्या." ती जागची हलली नाही. "ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली, "आज काडलं तर उद्या तुमी कशाला याल?" मी तिच्याजवळ बसून भाकरी खाल्ली, उद्या नक्की येतो म्हणालो, आणि दुसऱ्याच सकाळी ऑफिसनं मला माढ्याच्या कामावर पाठवलं. परत जाणं झालं नाही. आता मीही एकटाच असतो. पोस्टमन दाराशी आला की त्याला पाणी विचारतो, आणि पेला जरा सावकाशच भरतो.