खुशालरावांचा आवाज

खुशालराव शंकरपटात भोंग्यावरून बोलायचे. बार्शीटाकळीच्या आसपास कुठेही बैलजोड्यांची शर्यत असली की बोलावणं त्यांनाच यायचं. जोडी सुटली की त्यांचा आवाज असा चढायचा की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलेले म्हातारेही उठून उभे राहायचे. पुढं पटावर बंदी आली. खुशालरावांनी जुन्या कॅसेटी अकोल्याहून कॉम्प्युटरवर चढवून आणल्या आणि घरी बसून त्या ऐकत राहिले. बंदी उठली तेव्हा ते ऐकायला नव्हते.

त्यांच्या माघारी ज्योत्स्नाबाई ऐकायच्या. दुपारी जेवणं आटोपली की तुरीची डाळ निवडत एखादी फाइल लावायच्या. बहुतेक फाइली पटाच्या. एक मात्र वेगळी होती. नवा माइक आणला तेव्हा खुशालरावांनी तो घरातच तपासून पाहिला होता. "हॅलो, हॅलो... ज्योत्स्ना, तिकडं आवाज येऊन राहिला का?" आणि मागे ज्योत्स्नाबाईंचं हसू. एरवी ते "अवो" म्हणूनच हाक मारायचे. नाव घेतलेलं तेवढंच. ती फाइल त्या रोज लावत नसत. सणासुदीला, किंवा फारच करमेनासं झालं की.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या नितेश लग्नाची गाणी ऐकायला पेन ड्राइव्ह घेऊन आला. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाबाईंनी कॉम्प्युटर लावला, तर सगळ्या फोल्डरांवर छोटे बाण आलेले. उघडलं तर आत काहीच नाही. त्यांनी नितेशला बोलावलं.

"काकू, व्हायरस आला वाटते," तो म्हणाला. बाहेर एक फाइल पडली होती, नावात नुसते आकडे. "हेच असन ते," म्हणून त्यानं ती कायमची उडवली. कॉम्प्युटर चालतो की नाही ते पाहायला पेन ड्राइव्हमधली सगळी गाणी त्यावर उतरवली. मग म्हणाला, "विंडोज नव्यानं टाकून देतो. सगळं पुसलं जाईन, पण मशीन नव्यासारखी होते."

"अन् तुह्या काकाचा आवाज?"

"तो तं गेलाच समजा."

ज्योत्स्नाबाईंनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. "आता हात नोको लावू याले."

सकाळच्या एसटीनं त्या अकोल्याला गेल्या. कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. बसस्टँडजवळ रुबीनाचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आतली हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली.

"बंद केला ते बरं केलं, काकू. हा व्हायरस फाइली खात नाही, लपवते. त्या बाणावर दाबलं की तो अजून पसरते."

तिनं आधी डिस्क तपासून व्हायरस काढला, मग लपलेल्या फाइली वर आणल्या. खात्री करायला एक लावली. दुकानात खुशालरावांचा आवाज घुमला. रुबीनाचा हात थांबला.

"हा आवाज मी ऐकेल हाये. अब्बा मले बाळापूरहून पट पाहाले घेऊन जायचे."

ज्योत्स्नाबाई पडद्याकडे सरकल्या. त्या एकेक नाव पाहत खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. आकड्यांच्या नावाची ती एक, घरात माइक तपासल्याची, नव्हती.

रुबीनानं तासभर खटपट केली. मग खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "उडवलेली फाइल कधी कधी सापडते. पण त्या जागेवर गाणे चढले, काकू. खाली काही उरलं नाही."

"थोडंसं बी नाही?"

"नाही, काकू."

उरलेल्या फाइलींच्या तिनं दोन प्रती करून दिल्या. "एक तुमच्यापाशी, एक दुसऱ्या घरी ठेवा. अन् कोणाचीही पेन ड्राइव्ह लावली तं पहिले तपासा, मंग उघडा."

एक प्रत ज्योत्स्नाबाईंनी बहिणीकडे ठेवली. नितेशला त्या काही बोलल्या नाहीत. ती कोणती फाइल होती हे त्याला आजही माहीत नाही. दुपारी डाळ निवडताना मात्र कॉम्प्युटर बंदच राहू लागला. ते वाक्य त्या मनात म्हणून पाहायच्या. शब्द सगळे आठवायचे. 'ज्योत्स्ना' म्हणताना आवाज कुठं खाली यायचा, ते दिवसेंदिवस पुसट होत चाललं होतं.

हिवाळ्यात शेजारच्या गावी पट भरला. मंडळी खुशालरावांचा आवाज मागायला आली. ज्योत्स्नाबाईंनी तिसरी प्रत करून दिली. "हे तुमच्यापाशीच ठेवा. वापस नोका आणू." पटाला त्याही गेल्या.

पहिली जोडी उभी राहिली आणि भोंग्यातून खुशालराव बोलू लागले. जोडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या धुरकऱ्यानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. रेकॉर्डिंग संपलं, भोंगा थोडा खरखरला. ज्योत्स्नाबाई मान वर करून थांबल्या, जणू पुढं 'हॅलो, हॅलो' येणार होतं.

मग नव्या माणसानं माइक हाती घेतला आणि जोडीच्या मालकाचं नाव पुकारलं.